लाखावर पाचशे

आई गेली २०२३च्या अधिक श्रावणात. त्यानंतरच्या दिवसांतलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते दूध. आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या यायच्या. मी एक बंद केली. मग उरलेली एकही संपेना. रोज विरजण, रोज दही, दह्याची कढी, कढी उरली की ती खालच्या काकूंकडे. शेवटी दूधवाल्याला दिवसाआड यायला सांगितलं, आणि त्या सकाळी जिन्यात पिशवी हातात घेऊन उभी असताना मला जे रडू फुटलं तसं आई गेल्याच्या दिवशीही फुटलं नव्हतं.

अकरा वर्षं माझा दिवस आईच्या हातात होता. साडेसहाला तिची थायरॉइडची गोळी, अर्ध्या तासाने चहा, आठला आंघोळ, साडेनऊला सांभाळणाऱ्या मावशी आल्या की मी ऑफिसला. संध्याकाळी दारात चप्पल काढते न काढते तोच तिचा प्रश्न यायचा, "आज काय करायचं गं जेवायला?" या प्रश्नाचा मला वैताग यायचा. दमून आलेय, जरा टेकू तर दे. आता दार उघडलं की आत काहीच हलत नाही. कोणी काही विचारत नाही, आणि त्यामुळे जेवायला काही करायचं आहे हेच नऊ वाजेपर्यंत ध्यानात येत नाही.

एकटं राहणाऱ्या माणसाच्या खाण्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण सगळं तिथूनच घसरायला लागतं. एका भाकरीसाठी परात काढायची, पीठ मळायचं, तवा तापवायचा, मग परात घासायची. मूठभर डाळ कुकरच्या डब्यात तळाशी अशी पसरते की शिजली का करपली कळत नाही. अर्धी जुडी मेथी कोणी देत नाही. म्हणून मग उपमा. तो कढईतच, ओट्याला टेकून, डाव्या हातात फोन धरून. सात-आठ मिनिटांत जेवण आटपतं. घासायला कढई आणि चमचा. सुरुवातीला यात मोकळेपणा वाटला, हे खरं आहे. चार-पाच महिन्यांनी एका सोमवारी ऑफिसात पहिला शब्द बोलायला गेले तर घसा धरलेला. शनिवारी संध्याकाळी वाण्याकडे "पावशेर शेंगदाणे द्या" म्हटलं होतं, त्यानंतर मी एक शब्दही उच्चारला नव्हता.

तर २०२४च्या १ जानेवारीला मी एका वहीत चौदा गोष्टी लिहिल्या. रोज पाऊण तास चालणं, आठ किलो वजन कमी, जर्मन शिकायची, घराला रंग, नर्मदा परिक्रमेची तयारी, रात्री दहानंतर फोन बंद, असं बरंच. फोनमध्ये एक ॲपही घेतलं, त्यात रोज हिरवे गोल भरायचे. संक्रांतीपर्यंत चौदातल्या तीन उरल्या. महाशिवरात्रीला वही कुठे ठेवलीय तेच आठवेना.

निर्धार कमी पडला असं कोणी म्हटलं तर मी मानणार नाही. अकरा वर्षांत आईची सकाळची गोळी एकदाही चुकली नव्हती. तापात, ऑडिटच्या दिवसांत, चुलतभावाच्या लग्नाच्या पहाटेसुद्धा. मी नोकरीच करते हिशेबाची, आकडा लावून धरणं माझ्या अंगात आहे. मग स्वतःच्या बाबतीतच का सुटावं? पुष्कळ दिवस मी यावर विचार करत होते. ती चौदा कलमं एका वेगळ्याच बाईची होती. बारीक, जर्मन बोलणारी, परिक्रमेला निघालेली. त्या बाईशी माझी ओळख नव्हती, तिच्यासाठी मी पहाटे का उठावं? आणि दुसरं म्हणजे ती वही मी कोणालाही दाखवली नव्हती. घरात दुसरं माणूस असलं की "आज नाही का गेलीस फिरायला?" एवढं तरी कानावर पडतं. माझ्या घरात मी ठरवलं तेही मलाच माहीत आणि मोडलं तेही मलाच.

त्या एप्रिलमध्ये, पाडवा झाल्यावर, मी माळा आवरायला काढला. आईच्या गाद्या, तांब्याचा बंब, आणि मागे बाबांची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत ताईआत्याची वही होती.

ताईआत्या म्हणजे बाबांची आत्या. सगळी भावंडं ताईआत्या म्हणत, म्हणून आम्हीही. ती वाईला गणपती आळीतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायची. सतराव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेला, आणि सासरचे एकेक करून मुंबईला गेल्यावर ती वाड्यात एकटी उरली. आम्ही मे महिन्यात जायचो. तिच्या घरातली प्रत्येक गोष्ट मोजलेली असायची. चुलीजवळ पाच गोवऱ्या, फडताळात सात बरण्या. दुपारी ती भिंतीला टेकून मांडीवर राख आणि कापूस घेऊन वाती वळायची. दोन बोटांत कापसाचं टोक धरायचं, राखेचं बोट लावायचं, तळहाताने मांडीवर एकच फेर द्यायचा. वात तयार. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची. चातुर्मासात तिने लाख वातींचा नेम धरला होता, अशी गोष्ट बाबा नेहमी सांगायचे.

वहीच्या पुठ्ठ्यावर देवनागरीत "शके १८७८" एवढं लिहिलेलं. म्हणजे १९५६ साल. आतली पानं सगळी मोडी लिपीत.

मला मोडी येत नव्हती. माझ्याच घरातल्या बाईने माझ्याच भाषेत लिहिलेलं पान हातात आहे आणि मला त्यातला एक शब्द लागत नाही, याने मी फार अस्वस्थ झाले. ताईआत्याच्या पिढीला मोडी शाळेतच शिकवत. आमच्या पिढीपर्यंत ती अभ्यासक्रमातून गेलेली होती. त्या दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत किती घरांच्या वह्या मुक्या झाल्या असतील!

त्या पानांमधून मला एकच गोष्ट तेव्हा कळत होती, ती म्हणजे आकडे. ओळीने ८५०, ८५०, ८५०, ९००. माझ्यातल्या हिशेबनिसाने लगेच भागाकार केला. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, साधारण एकशे एकोणीस दिवस. लाखाला एकशे एकोणीसने भागलं तर रोजच्या आठशे चाळीस. तिने वर दहा धरून ८५०चा आकडा बांधला होता. त्या आकड्याकडे बघत मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. लाख म्हटलं की छाती दडपते. साडेआठशे म्हणजे साडेआठ जुड्या, दुपारच्या दोन-अडीच तासांचं काम.

मला तेव्हा वाटलं, आपण 'ध्येय' हा शब्द फार दूर नेऊन ठेवला आहे. नेम हा शब्द घरातला आहे. नेमाला पहिला दिवस असतो, शेवटचा दिवस असतो, मधे रोजचा आकडा असतो, आणि झाल्यावर उद्यापन असतं. उद्यापनाला चार माणसं जेवायला बोलवावीच लागतात. म्हणजे एकटीने धरलेला नेमही शेवटी पंगतीतच सुटतो. आणि तो सांगून धरायचा असतो. "यंदा काय सोडलंस?" "यंदा काय धरलंस?" हे बायका एकमेकींना देवळात विचारायच्या, त्यात चौकशी होती आणि पहाराही होता.

पहारा हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. ताईआत्याचं एकटेपण तिने निवडलेलं नव्हतं. तिच्या काळच्या विधवा बाईने काय नेसावं, काय खावं, कुठल्या समारंभात पुढे यावं, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं, आणि व्रतवैकल्यांचा ढीग हा तिला गप्प बसवण्याचाही एक मार्ग होता. मला त्याचा राग येतो. त्या जुन्या दिवसांबद्दल कोणी हळवं होऊन बोललं की मला ऐकवत नाही. मी पन्नाशीत आहे, माझा पगार आहे, माझ्या नावाचं घर आहे, किल्ली माझ्याकडे आहे. तिच्याकडे यातलं काही नव्हतं. पण त्या सगळ्या कुंपणाच्या आत ८५० हा आकडा तिचा स्वतःचा होता. तो तिला कोणी सांगितला नव्हता. मला तिच्याकडून तेवढाच घ्यायचा होता.

जुलै आला. आषाढीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून त्या दिवशी पोटभर कांदा खाऊन घ्यायचा. मी कांदा सोडणार नव्हते, तरी संध्याकाळी दोन मोठे कांदे उभे चिरले, मीठ लावून ठेवले, पाणी सुटल्यावर त्यात मावेल तेवढंच बेसन, ओवा, तिखट. तळणीचा वास जिन्यात गेला असावा. खालच्या काकू वर आल्या. "एकटीसाठी भजी तळतेयस?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून भजी खाल्ली आणि मी त्यांना सांगून टाकलं, की यंदा चातुर्मासात तीन नेम धरणार आहे. रात्रीचं जेवण ताट वाढून, बसून. रोज ताईआत्याच्या वहीचं अर्धं पान. आणि दर गुरुवारी एक तरी माणूस, एक तर मी त्याच्या घरी किंवा तो माझ्या.

"उद्यापनाला मी येणार," काकू म्हणाल्या. "पुरण तू घाल. कटाची आमटी मी आणते."

एवढ्याने काम झालं. १७ जुलैला, आषाढीच्या दिवशी, मी सुरुवात केली.

ताटाचा नेम मला सोपा वाटला होता, तोच जड गेला. उपासाच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, मी पहिल्यांदा नीट ताट घेतलं. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड आणि शेंगदाण्याची चटणी, उजवीकडे भाजी, वाटीत आमटी, खाली भात. समोर आईची रिकामी खुर्ची. पहिला घास घेईपर्यंत पाच मिनिटं गेली. वाढून घेतलेल्या ताटासमोर एकटं बसलं की आपण एकटे आहोत हे स्पष्ट दिसतं, कढईतून खाताना ते दिसत नाही. म्हणून तर मी इतके महिने उभी राहून जेवत होते. दुसऱ्या आठवड्यात मी खुर्ची बदलली, खिडकीसमोरची घेतली. समोरच्या इमारतीत एक आजोबा त्याच वेळी जेवायला बसतात. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. तरी मला सोबत होते.

आणि मग हळूहळू स्वयंपाक परत आला. डाळ एकदम दोन दिवसांची लावायची, एक दिवस वरण, दुसऱ्या दिवशी आमटी. मेथीची जुडी काकूंबरोबर अर्धी-अर्धी. भाकरी मात्र एकीसाठीही थापायची, परात घासावी लागली तरी. गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडावं, तेवढ्यासाठी परात घासणं मला आता महाग वाटत नाही.

मोडीबद्दल किती सांगू! पुण्यात मोडीचे वर्ग चालतात. मी शनिवारचा एक धरला, आणि घरी रोज सराव. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं, लेखणी होईल तितकी न उचलता. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे दिन आणि दीन एकच. काना खालून वळून वर शिरोरेघेला जाऊन मिळतो, आणि अक्षराचं रूपच पालटतं. पहिले तीन आठवडे मला शब्द कुठे संपतो तेच कळेना. शिक्षक म्हणाले, "डोळ्यांनी वाचू नका, हाताने वाचा. ओळ गिरवा." मी ट्रेसिंग पेपर ठेवून ताईआत्याची ओळ गिरवायला लागले. चौथ्या आठवड्यात एके रात्री हात जात असताना तोंडून आपोआप निघालं, "कापूस पावशेर." पुढे उभी रेघ. जुन्या हिशेबात एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे, तीन म्हणजे पाऊण. पाव रुपया, चार आणे. मी तो शब्द तीन-चारदा मोठ्याने म्हटला. अडुसष्ट वर्षांनी ताईआत्या माझ्याशी बोलली होती आणि काय, तर कापूस पावशेर.

हे शिकत असताना मला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे सारखे आठवायचे. बायको तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि गावोगाव हिंडून वाड्यांमधले मोडी कागद जमवत राहिले. त्या कागदांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड झाले. १८९८ साली निघालेल्या पहिल्या खंडातले पानिपतच्या काळचे कागद वाईलाच मिळाले होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं त्यातही ते होते. ताईआत्याची वही कुठल्या खंडात जाणार नाही. तिच्यात लढाई नाही, तह नाही. पण तिच्याही गावात कोणीतरी एकटं माणूस रोज काही ठरवून करत होतं, याची नोंद आहे.

नेम मोडलाही. नवव्याच दिवशी, २५ जुलैला, पुण्यात धुवाधार पाऊस झाला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या बाजूला नदीकाठच्या घरांत शिरलं. आमच्याकडे वीज गेली, ऑफिसातली एक मैत्रीण त्या भागात राहते तिचा फोन लागेना. त्या रात्री मी पाण्याबरोबर दोन बिस्किटं खाल्ली, वही उघडली नाही, आणि गुरुवार होता तरी कोणाकडे जाणं शक्य नव्हतं. तिन्ही नेम एका दिवसात गेले. मैत्रीण सुखरूप होती, पहाटे तिचा मेसेज आला. पण मला आत कुठेतरी वाटलं, संपलं. जानेवारीतही असंच झालं होतं. एक दिवस चुकला, मग दुसरा, मग 'आता काय उपयोग' म्हणत सगळं सुटलं.

मी तरीही दुसऱ्या रात्री ताट घेतलं, त्याचं कारण काकू. जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "काल राहिलं असेल ना गं? माझाही दिवा राहिला." एवढंच.

सप्टेंबरच्या शेवटी मी वहीच्या मधल्या पानांवर पोचले. तिथे आकड्यांच्या रांगेत एक शून्य होतं. त्याच्यापुढे दोन शब्द, ते लावायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. "ताप. नाही." दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशी पुन्हा ८५०. मी दोनदा तपासलं, कारण मला वाटलं होतं की तिने बुडालेल्या सतराशे वाती त्या दिवशी भरून काढल्या असतील. नाही काढल्या. तिसऱ्या दिवसाचे ८५०, चौथ्याचे ८५०. पुढे आश्विनात कुठेकुठे ९५० दिसतात, एकदा हजार. सवड मिळाली तशी भरपाई. त्या शून्यावर तिने काही खाडाखोड केलेली नाही, आणि त्याच्यापुढे एक शब्द जास्तीचा नाही. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला आहे.

गुरुवारांचं सांगायला फारसं काही नाही, पण मला त्यांनीच सगळ्यात जास्त दिलं. वर्षानुवर्षं न भेटलेली शाळेतली मैत्रीण, आईला सांभाळणाऱ्या मावशी, ज्यांना मी आई गेल्यावर एक फोनही केला नव्हता, मोडीच्या वर्गातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा ज्याला घरचा वरणभात हवा होता. मावशींकडे गेले तेव्हा त्यांनी आईच्या नकला करून दाखवल्या. आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. विधानसभेचा प्रचार शिगेला पोचला होता, रस्त्यावरून दिवसभर रिक्षांचे भोंगे. मी दार लावून हिशेब केला. एकशे एकोणीस रात्रींपैकी ताट वाढलेल्या सत्त्याण्णव. सतरा गुरुवारांपैकी तेरा. वही मात्र पूर्ण झाली होती, आदल्याच रात्री. शेवटच्या पानावर ताईआत्याने लिहिलं होतं, "एक लाख. वर पाचशे चूकभुलीच्या." मोजताना चुकलं असेल, एखादी वात तुटकी निघाली असेल, म्हणून पाचशे वरच्या. तापातल्या दोन शून्यांनंतर तिने लाख पुरा केला आणि वर पाच जुड्या जास्तीच्या वळल्या. मी तिच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून पाहिली. बरोबर होती.

द्वादशीच्या संध्याकाळी उद्यापन. काकूंच्या गॅलरीत तुळशीचं लग्न लागलं, ऊस, चिंच, आवळे सगळं, आणि मग सहाजणं वर माझ्याकडे जेवायला. काका-काकू, मावशी, शाळेतली मैत्रीण, पुरातून सावरलेली ऑफिसातली मैत्रीण, इंजिनिअरिंगचा मुलगा. माझ्याकडे स्टीलची पाच ताटं, दोन काकूंची आणली. पुरण मी घातलं. कटाची आमटी कबूल केल्याप्रमाणे खालून आली. मुलाने सात पोळ्या खाल्ल्या. मी सगळ्यांना वाढत होते तर मावशींनी मला हाताला धरून बसवलं. "तुझा नेम बसून जेवायचा होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची दोन ताटं परत द्यायला खाली गेले. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून वरच्या ताटात उरलेल्या दोन पुरणपोळ्या ठेवल्या होत्या. काकूंनी ताटं घेतली, पोळ्या डब्यात काढल्या, ताट तिथेच विसळून फडताळात लावलं, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आज गुरुवार. कोणाकडे चाललीयस, की इकडेच येतेयस?"